खंडेनवमीची सही

फत्तेसिंगरावांना राग यायला कारण लागतं, असं म्हणणारा माणूस अख्ख्या मेटगळ्ळीत शोधून सापडला नसता. नळाला पाणी उशिरा आलं तरी राग, वेळेवर आलं तरी ‘आज काय झालं यांना?’ म्हणून राग. पण या खेपेला कारण होतं. ते सतरा पानी होतं आणि युरोपातून आलं होतं.

फत्तेसिंगराव बोल्ट बनवायचे. म्हैसूरच्या मेटगळ्ळीत मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. एक भट्टी, दोन प्रेस, आटे पाडायची तीन मशीनं आणि अठरा माणसं. नांगरणीच्या आणि पेरणीच्या यंत्रांना लागतात तसले जाडजूड बोल्ट. चारातले तीन बोल्ट स्लोव्हेनियाला जायचे. हा देश नकाशात कुठे आहे हे गल्लीतल्या कुणाला सांगता आलं नसतं, आणि वीस वर्षांपूर्वी फत्तेसिंगरावांना तरी कुठे सांगता येत होतं? माणसं मोजली तर आपल्या म्हैसूर जिल्ह्याहून लहान. तिथला यानेझ नावाचा व्यापारी एका प्रदर्शनात भेटला, एक पेटी नमुना घेऊन गेला, आणि तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कंटेनर जात होता. यानेझ तीनदा म्हैसूरला येऊन गेला होता. शकुंतलाबाईंच्या हातचं मटण खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं होतं आणि तरी त्यानं पुन्हा वाढून घेतलं होतं. असा माणूस फत्तेसिंगरावांना आवडायचा.

मग युरोपचा नियम आला. बाहेरच्या देशातून पोलादाचा माल आणायचा असेल तर तो बनवताना किती धूर आकाशात सोडला ते टनाटनानं सांगा, आणि त्या धुराचे पैसे भरा. सांगाल ते आकडे खरे आहेत हे त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेनं तपासलेलं हवं. तपासलेलं नसेल तर ते आपल्या मनानं चढा आकडा धरणार, आणि त्या भावात माल कुठल्याच यानेझला परवडणार नाही.

संस्थेतर्फे श्रावणात एक मुलगी आली होती. स्मृती तिचं नाव. मूळची पुण्याची, राहायला बंगळुरात, गळ्यात ओळखपत्र, पायात जाड बूट, आणि तोंडी अशी स्वच्छ मराठी की फत्तेसिंगरावांना आपल्याच घरात परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. तिनं विजेची बिलं पाहिली, भट्टीचे फोटो काढले, जनरेटरला डिझेल किती लागतं ते विचारलं.

“काका, कच्चं पोलाद कुठून घेता?”

“का? ते पण सांगायचं?”

“हो. त्यांच्याकडचा धूरही यात मोजावा लागतो.”

“म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीचा धूर पण माझ्या नावावर? बरं. हे ठरवलं कुणी?”

“युरोपियन युनियनचा नियम आहे.”

“ते कळालं गं. कुणी म्हणजे माणूस कोण? त्याला कुणी निवडून दिलं?”

स्मृती हसली. बिचारीला हा प्रश्न नवा होता. “त्यांची संसद आहे, काका. सत्तावीस देशांची.”

“त्यात माझं मत आहे काय?”

“नाही.”

“माझ्या देशाचं?”

“नाही.”

“तर मग ते माझ्या भट्टीत का डोकावतात?”

“माल तिकडे जातो म्हणून,” ती म्हणाली. “आणि धूर तर सगळ्यांच्याच आकाशात जातो ना.”

खरं तर उत्तर चोख होतं. म्हणूनच फत्तेसिंगरावांना ते जास्त झोंबलं. तिला कॉफी पाजून, मुलीच्या जातीला उन्हात पाठवू नये म्हणून रिक्षा बोलावून त्यांनी तिला वाटेला लावलं, आणि मग संध्याकाळपर्यंत जो दिसेल त्याच्यावर ओरडत राहिले.

भाद्रपद सरता सरता तिच्या संस्थेचा करारनामा आला. सतरा पानं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. फत्तेसिंगरावांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. आगाऊ न कळवता कधीही वर्कशॉपमध्ये यायचा अधिकार. संस्थेचा निर्णय अखेरचा. वाद झालाच तर तो युरोपातल्या कोर्टात. आणि नववं कलम. पुढे नियम बदलले, वाढले, नवे आले, तर ही संमती त्यांनाही लागू आहे असं समजलं जाईल. त्यासाठी पुन्हा सही घेण्याची गरज राहणार नाही.

नववं कलम वाचताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अजून जन्माला न आलेल्या कायद्यावर आज सही! बापाला मुलीचं लग्न ठरवताना तरी नवरा बघायला मिळतो. इथे पुढची पन्नास वर्षं कोण काय सांगेल ते आजच कबूल करा म्हणतात, आणि वर ‘आपले नम्र’ म्हणून खाली नाव लिहितात.

“सगळेच करतायत अप्पा सही,” रक्षित म्हणाला. रक्षित त्यांचा एकुलता एक. इंजिनियर झाला, चार वर्षं बंगळुरात नोकरी केली आणि बापाच्या हाताखाली परत आला, म्हणजे त्याच्या धीराची कल्पना यावी. “गल्लीतल्या तिघांनी केली. तुम्ही सुम्ने, उगाचच डोकं तापवून घेता.”

“सगळे विहिरीत उडी टाकतायत म्हणून मी पण टाकू?”

“विहीर नाही ती. गिऱ्हाईक आहे.”

“यानेझ माझं गिऱ्हाईक. हे कोण? मी यानेझला बोल्ट विकतो रे, माझा उंबरठा नाही विकत.”

“तुकोजीराव पणजोबांनी पण सही केलीच की,” रक्षित हळूच म्हणाला.

हे मात्र वर्मी लागलं. फत्तेसिंगरावांचे आजोबा तुकोजीराव म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि त्यांचे आजोबाही. संस्थान भारतात विलीन झालं, मग फौजही मोडली, तेव्हा तुकोजीरावांनी घोडा आणि तलवार दोन्ही जमा करून कागदावर सही केली. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, आणि पुढे पहिल्या निवडणुकीत कोट घालून मत द्यायला गेले. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की लहान पोरांनाही तोंडपाठ होती.

“त्यांनी देशासाठी केली!” फत्तेसिंगराव गरजले. “आणि बदल्यात काय मिळालं? मत मिळालं. दिल्लीवाला आवडला नाही तर पाच वर्षांनी मी त्याला घरी बसवतो. हे नियम करणाऱ्या ब्रसेल्सच्या माणसाला कसा घरी बसवू? सांग की. त्याचं नाव तरी सांग.”

रक्षितला नाव सांगता आलं नाही. म्हणून त्यानं तारीख सांगितली. मालकाची शाईची सही आणि कंपनीचा शिक्का असलेला कागद त्या दिवशी तिकडच्या बारा वाजेपर्यंत, म्हणजे आपल्या दुपारच्या साडेतीनपर्यंत, संस्थेकडे पोचला पाहिजे. फोटो काढून पाठवला तरी चालेल, पण उशीर चालणार नाही. त्यानंतर या वर्षीची यादी बंद. फत्तेसिंगरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ती तारीख खंडेनवमीची होती.

आता खंडेनवमी म्हणजे काय हे मेटगळ्ळीला सांगावं लागत नाही. आयुधपूजा. वर्षभर ज्या हत्यारांवर आपण पोट भरतो त्यांना त्या दिवशी धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, शेवंती वाहून ठेवायचं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ज्याचं जे हत्यार. गवंड्याची थापी, ड्रायव्हरची बस, मास्तरचं पुस्तक. पूजेत ठेवलेलं पुस्तक मुलं उघडत नाहीत, आणि त्या एका दिवशी कुठलंच मूल तक्रार करत नाही.

त्या सकाळी फत्तेसिंगरावांनी लवकर येऊन वर्कशॉप स्वतः झाडलं. दाराला केळीचे खुंट बांधले. भट्टीसमोर पाट मांडून त्यावर हातोडे, चिमटे, डाय, पाने ओळीनं लावले. माणसं येत गेली तसतसं प्रत्येकानं आपलं हत्यार आणून ठेवलं. आणि गुरुजी यायच्या आत फत्तेसिंगरावांनी कपाटातून कंपनीचा शिक्का, आपलं शाईचं पेन आणि ती सतरा पानं काढली, सगळ्यात मोठ्या हातोड्याखाली ठेवली, आणि वर कुंकू वाहून टाकलं. मालकाचं हत्यार शिक्काच की. कुणी विचारलं असतं तर हेच उत्तर तयार होतं. मनातून त्यांना इतका आनंद झाला होता की आरतीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागला.

पूजा झाली. दारात कोहळा फोडला. शकुंतलाबाईंनी कडलेपुरीचे, म्हणजे चुरमुरे नि डाळ्याचे पुडे आणि मिठाई वाटली. माणसं नवे शर्ट घालून, बायका साड्या नेसून, आपापली पोरं घेऊन गप्पा मारत बसली. साडेअकराला रक्षितनं कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

“अप्पा, कागद कुठाय?”

“पूजेत.”

रक्षितनं पाटाकडे पाहिलं, हातोड्याकडे पाहिलं आणि मग बापाकडे. “मुद्दाम केलंत.”

“मुद्दाम काय? आज हत्यार उचलायचं नाही. उद्या दसरा. उद्या बघू.”

“उद्या काय बघायचं राहणार?”

“अहो,” शकुंतलाबाई मध्ये पडल्या, “देवाच्या आड कशाला लपता? सही नाही करायची तर नाही म्हणून सांगा की सरळ.”

बायको असं चारचौघांत बोलली म्हणजे खोटं नसतं, हे चाळीस वर्षांत फत्तेसिंगरावांना पाठ झालं होतं. म्हणून ते तिच्यावर न ओरडता रक्षितवर ओरडले. रक्षितनंही मग जे करायचं ते केलं. त्यानं यानेझला फोन लावला आणि बापाच्या हातात दिला.

“फत्ते, कागद पाठवलास?” यानेझनं विचारलं. दोघांचं इंग्रजी मोडकंतोडकंच, म्हणून दोघांना एकमेकांचं बरोबर कळायचं.

“नाही पाठवला. नाही पाठवणार. तुमच्या त्या ब्रसेल्सला सांग—”

“माझं ब्रसेल्स?” यानेझचा आवाज चढला. “माझं केव्हापासून झालं?”

“तुम्हीच गेलात ना त्यांच्यात!”

मग यानेझ बोलायला लागला तो थांबेचना. वीस वर्षांचा होता तेव्हा युगोस्लावियाचे रणगाडे त्यांच्या गावावर आले होते. गावातल्या पोरांनी ट्रक आडवे लावून पूल अडवला होता. तो त्या पुलावर होता. दहा दिवस लढाई झाली आणि देश मिळाला. नकाशात बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढा, पण आपला. आपलं नाणं, आपला शिक्का, आपले कायदे. “तेरा वर्षं, फत्ते. तेरा वर्षांत आम्ही सगळं उचलून त्यांना देऊन टाकलं. आता माझ्या गोदामाला किती खिडक्या हव्यात ते मला तिकडून कळतं. मंत्र्याकडे गेलो तर मंत्री म्हणतो, माझ्या हातात नाही. मग तुला मंत्री कशाला केला?”

“मग तेव्हा ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“मी हो म्हणालो होतो!” यानेझ ओरडला. “मत घेतलं होतं सगळ्यांचं. मी माझ्या हातानं ‘हो’वर खूण केली. रस्ते होणार होते, पोरांना काम मिळणार होतं. झाले रस्ते. मिळालं काम. खोटं का बोलू? पण आता मी तुझ्याकडून बोल्ट घ्यायचे की नाही, हे मी ठरवत नाही, आणि मला त्याची चीड येते. तू माझ्यावर ओरडून काय होणार? साडेतीनपर्यंत सही आली तर मी माल घेईन. नाही आली तर मला घेता येणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे.”

फोन बंद झाला. ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस हातातून निसटला होता. गिऱ्हाईक म्हणतं माझ्या हातात नाही, त्याचा मंत्री म्हणतो माझ्या हातात नाही, स्मृती म्हणते नियम माझा नाही. मग हा नियम करतो तरी कोण? माणूस समोर असला तर त्याची गचांडी धरता येते, निदान शिवी तरी हासडता येते. इथे शिवी द्यायलाही पत्ता नव्हता, आणि यानंच त्यांचं डोकं आणखी फिरलं.

“नाही करत सही!” ते खुर्चीवरून उठून मोठ्यांदा म्हणाले. “बंद करीन वर्कशॉप. कुलूप लावीन. पण कुणाच्या बापाला—”

“यजमान्रे.”

हाक कांचनची होती; मालकांना कन्नडात यजमान म्हणतात. कांचन आटे पाडायच्या मशीनवर एकोणीस वर्षं होती. नंजनगूडहून रोज सकाळच्या गाडीनं यायची. तिच्या घरीही मराठी, फत्तेसिंगरावांच्या घरासारखीच निम्मी कन्नडात भिजलेली. एरवी तिचा आवाज मशीनच्या आवाजात बुडून जायचा. आज मशीनं बंद होती.

“वर्कशॉप बंद करणार म्हणालात. खरं काय?”

“तुला नाही बोललो मी.”

“माझ्याबद्दल बोललात की. आम्हा अठरा जणांबद्दल बोललात.” तिच्या हातात कडलेपुरीचा पुडा होता, तो तिनं नीट दुमडला. “मगापासून ऐकते. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्ही चिडलात. चिडा. बरोबर आहे तुमचं. मग आम्हाला तुम्ही विचारलंत कधी?”

दोन-तीन माणसं उगीच चपला शोधायला लागली.

फत्तेसिंगरावांच्या तोंडावर आलं होतं, की वर्कशॉप माझं आहे. तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य हजारदा म्हटलं असेल. पण मघाशी आपणच रक्षितला काय सुनावलं, आठवडाभर गल्लीत कुणाकुणाला काय सुनावलं, ते त्यांना आठवलं आणि वाक्य घशातच राहिलं. माणूस रागीट होता, पण लबाड नव्हता. पूजेत कागद दडवणं ही त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी, आणि तीही दुपारपर्यंत टिकली नव्हती.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “विचारतो. सगळ्यांना विचारतो. सही करायला पाहिजे म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

“असं नको,” कांचन म्हणाली. “तुम्ही बघताना कोण हात वर करेल?”

मग तिनंच तोड काढली. तयार माल पूजेत नव्हता. तिनं कोपऱ्यातला ग्रीसचा रिकामा डबा आणला, आणि एका ट्रेमध्ये बोल्ट, दुसऱ्यात नट काढून ऑफिसच्या दाराला लावलेल्या पडद्यामागे ठेवले. सही करा म्हणणाऱ्यानं डब्यात बोल्ट टाकायचा, करू नका म्हणणाऱ्यानं नट. एकेकानं आत जायचं.

“थांबा,” फत्तेसिंगराव म्हणाले. “आधी माझं ऐका.”

“अप्पा, कागद वाचून दाखवायचा का?” रक्षितनं विचारलं. “माझ्या फोनवर आहे, मी कन्नडात सांगतो सगळ्यांना.”

“कागद काय वाचायचा? मी सांगतो ना!”

आणि त्यांनी सांगितलं. काय सांगितलं म्हणता! निवडणुकीतल्या पुढाऱ्यानं हात टेकावेत असं भाषण झालं. ब्रसेल्स झालं, सत्तावीस देशांची संसद झाली, तुकोजीरावांचा घोडा झाला, यानेझचा पूल झाला. दोनशे वर्षं परक्यांनी आपल्याला काय विकायचं आणि काय पिकवायचं ते सांगितलं, आता पुन्हा तेच, फक्त या वेळी टोपी न घालता आलेत, असं ते म्हणाले. मत नाही तिथे मान नाही, असं म्हणाले. मूठ आपटून म्हणाले. घामानं नवा सदरा पाठीला चिकटला. पोरं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा त्यांच्या आयांनी त्यांना दाबून बसवलं. भाषण संपलं तेव्हा दोन वाजून गेले होते आणि फत्तेसिंगरावांचा घसा बसला होता.

एकेक जण पडद्यामागे गेला. डब्यात लोखंड पडल्याचा आवाज यायचा. काय पडलं ते कळायचं नाही. शेवटी कांचन म्हणाली, “यजमान्रे, तुम्ही पण टाका. एकच.”

त्यांनी नट टाकला.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. चौदा बोल्ट, पाच नट. त्या पाचांतला एक त्यांचा स्वतःचा. उरलेले चार कुणाचे, ते समोरच्या तोंडांवर शोधू लागले, पण सगळीच तोंडं खाली होती. एवढं रक्त आटवून चार माणसं! त्यांना ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार? यांना निवडायला सांगितलं होतं, आणि यांनी निवडलं होतं. नको असलेला निकाल आला म्हणून डबा उपडा करायचा, तर मग आठवडाभर कसली बोंब मारत होतो आपण?

“तीन वाजले,” रक्षित म्हणाला.

आता कागद काढायचा कुणी, हा प्रश्न आला. चौदा बोल्ट टाकणाऱ्यांतला एकही माणूस पूजेला हात लावायला पुढे होईना. रक्षित वाकला तर शकुंतलाबाईंनीच त्याचा दंड धरला. “ज्यांनी ठेवलं त्यांनी काढावं,” त्या म्हणाल्या.

फत्तेसिंगराव पाटासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांच्या सदुसष्ट वर्षांत खंडेनवमीचं हत्यार कुणी उचललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. देवीला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसतंच ‘चूक माझी’ म्हणाले. हातोडा बाजूला करताना त्याच्यावरची फुलं खाली पडली. कागदावर कुंकवाचा मोठा डाग पडला होता. त्यांनी पेन उघडलं आणि सतरा पानांवर सतरा सह्या केल्या, एकेक अशी दाबून की खालचं पान फाटायला आलं. शेवटच्या पानावर शिक्का मारला. रक्षितनं फोटो काढले आणि पाठवले. सव्वातीनला पोच आली. ‘धन्यवाद. आपली नोंद झाली आहे.’ एवढंच. एवढ्या सगळ्याला तेवढंच उत्तर.

वर्कशॉपमध्ये एकदम हालचाल सुरू झाली. कुणी हसलं, कुणी मिठाईचा खोका पुन्हा उघडला. माणसांच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं, आणि ते पाहून फत्तेसिंगरावांनाही, खोटं कशाला बोला, क्षणभर बरं वाटलं. आपण हरलो, पण विचारून हरलो. ब्रसेल्सला जे जमलं नाही ते मेटगळ्ळीत झालं. ते खुर्चीवर टेकले.

कांचन डबा घेऊन आली. तिचा चेहरा उजळला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी काहीतरी विचारलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं.

“यजमान्रे, वाईट नका वाटून घेऊ. पोरांची शाळा आहे, काय करणार? पण तुम्ही विचारलंत, हे मोठं झालं. हा डबा मी जपून ठेवते. पुढच्या खेपेला त्यांचा नवा नियम आला की असंच विचारायचं. तेव्हा नको वाटलं तर सगळे नट टाकू. बघाच तुम्ही.”

“पुढच्या खेपेला,” फत्तेसिंगराव म्हणाले आणि थांबले. “पुढची खेप नाही, कांचन.”

“म्हणजे?”

“पुढे जे काय नवीन येईल त्याला पण आजचीच सही. पुन्हा विचारणार नाहीत ते. मला नाही, तुला नाही. नववं कलम आहे.”

“कशात?”

“या कागदात.”

ती कागदाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“आधीपासून?”

“पंधरा दिवस झाले. त्याचाच तर राग आला होता मला.”

“तास-दीड तास बोललात,” कांचन म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, पण त्यात आता असं काही होतं की रक्षितनं वळून पाहिलं. “घोडा सांगितलात. पूल सांगितलात. तुमच्या रागाचं सगळं सांगितलंत. फक्त हे एवढंच सांगितलं नाहीत?”

त्या दिवशी फत्तेसिंगराव साऱ्या जगावर ओरडून मोकळे झाले होते. बायकोवर, मुलावर, यानेझवर, ज्यांची नावं ठाऊक नाहीत अशा माणसांवर. आता मात्र साधं ‘विसरलो’ म्हणायलाही त्यांना जड गेलं, आणि ते खरं तरी कुठे होतं? विसरले नव्हते. आपण बोलतोय ते इतकं बरोबर आहे, इतकं जोरात आहे, की कागद वाचायची गरजच त्यांना वाटली नव्हती.

कांचननं डब्यात हात घातला. खळखळ करत शोधून एक बोल्ट काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

“हा माझा,” ती म्हणाली. “माझं मत मला परत घ्यायचंय.”

घड्याळात तीन पस्तीस झाले होते; यादी पाच मिनिटांपूर्वीच बंद झाली होती. ती हात पुढे करून उत्तराची वाट बघत उभी राहिली.